मतदान एका दिवसाचं, बिल नव्वद दिवसांचं

ठाण्यातल्या वर्तकनगरच्या वाण्याकडे तूरडाळीचा भाव चार-पाच रुपयांनी हलला की आपण पावसाला बोल लावतो. लातूर-अकोल्याकडे पीक बसलं असेल, असं म्हणून पिशवी उचलतो. वाशीच्या दाणाबाजारातला व्यापारी मात्र त्याच वेळी मोझांबिकच्या बातम्या चाळत असतो. देशात तूर कमी पडली की ती म्यानमारमधून येते, तशीच मोझांबिक, टांझानिया आणि मलावीतूनही येते. बाजारात या आफ्रिकी तुरीची नावंही ठरलेली आहेत : गजरी, अरुशा, मटवारा.

तूर हे एकच उदाहरण नाही. आपल्या कॅडबरी जंक्शनला ज्या कारखान्यावरून नाव पडलं, त्या चॉकलेटचा जीव कोकोत आहे आणि जगातला निम्म्याच्या आसपास कोको आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे दोनच देश पिकवतात. पोखरण रोडवरच्या रेमंडच्या गिरणीच्या जागी आता टॉवर दिसतात. त्याच रेमंडने इथिओपियात सूट शिवायचा कारखाना काढला होता. म्हणजे आपल्या घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरात आफ्रिकेचे तीन धागे आहेत.

तर, एखाद्या आफ्रिकी देशात राष्ट्रीय निवडणूक लागली की तिथल्या धंद्याचं, आणि तिथे माल पाठवणाऱ्या किंवा पैसे घालणाऱ्या इथल्या माणसाचं काय होतं, ते आज टप्प्याटप्प्यानं बघू. अर्थशास्त्राची पदवी लागणार नाही. एक कॅलेंडर मात्र हाताशी ठेवा.

त्याआधी पहिली चूक इथेच काढून टाकू. ‘आफ्रिकेत निवडणूक आहे’ हे वाक्य ‘आशियात निवडणूक आहे’ इतकंच निरर्थक आहे. तिथे ५४ देश आहेत. घानात सत्ता अनेकदा मतपेटीतून शांतपणे पालटली आहे. गॅबनमध्ये ऑगस्ट २०२३ मध्ये निकाल जाहीर झाला आणि त्याच दिवशी लष्करानं सत्ता घेतली. तेव्हा देशाचं नाव घेतल्याशिवाय बोलायचं नाही.

एक कंटेनर

समजा, वागळे इस्टेटमध्ये आपला एक गाळा आहे. (१९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, तिची ही पहिली वसाहत, इथून बाहेरदेशी माल जाणं नवलाचं नाही.) गाळ्यात पाण्याच्या पंपांचे सुटे भाग बनतात. केनियातल्या मोम्बासा बंदराच्या एका व्यापाऱ्यानं एका कंटेनरची ऑर्डर दिली आहे. पैसे माल चढल्यापासून ९० दिवसांनी देणार, असं ठरलं.

केनियाची पुढची सार्वत्रिक निवडणूक कधी, हे ज्योतिषाला विचारावं लागत नाही. दर पाचव्या वर्षी ऑगस्टचा दुसरा मंगळवार, असं त्यांच्या राज्यघटनेतच लिहिलं आहे. म्हणजे १० ऑगस्ट २०२७. आपला कंटेनर न्हावाशेवाहून १५ मे २०२७ ला सुटला असं धरा. नव्वद दिवस मोजा. पैसे येण्याची तारीख निघते १३ ऑगस्ट.

मतदान होऊन तीन दिवस झालेले, मोजणी चालू, निम्मी दुकानं बंद, आणि आपलं बिल त्याच शुक्रवारी देय. ऑर्डर घेताना मे महिन्यात हे कुणाच्या डोक्यात येत नाही, कारण मे महिन्यात तिथे सगळं सुरळीत असतं. आता या कंटेनरला सोबत घेऊनच पुढे जाऊ.

वर्ष-दीड वर्ष आधी

निवडणुकीचा पहिला परिणाम गोड असतो. आपल्याकडे मतदान जवळ आलं की वर्षभर खड्ड्यात राहिलेल्या रस्त्यावर रातोरात डांबर पडतं, नवी योजना जाहीर होते; तसंच तिथेही. सरकार खर्च वाढवतं, पगार वाढतात, खतावर सवलत येते, इंधनाचा भाव दाबून धरला जातो. बाजारात पैसा खेळतो आणि आपल्या पंपांनाही मागणी येते.

या खर्चाची उधारी पुढच्या वर्षी वसूल होते. घानात दर चार वर्षांनी ७ डिसेंबरला मतदान असतं आणि निवडणुकीच्या वर्षी तूट वाढायची, ही तिथली जुनी खोड. ती मोडावी म्हणून २०१८ मध्ये कायदा केला : तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ५ टक्क्यांवर जाता कामा नये. २०२० साली कोविड आणि निवडणूक एकदम आली, आणि कायदा बाजूला ठेवावा लागला. डिसेंबर २०२२ मध्ये घानानं परदेशी कर्जाच्या बऱ्याचशा भागाचे हप्ते थांबवले. सगळा दोष निवडणुकीचा नाही, पण तिचा वाटा त्यात आहे.

इथे दुसरी चूक होते. मागणी वाढलेली बघून माणूस सरकारी खरेदीत हात घालतो. निवडणुकीच्या वर्षी घाईनं काढलेल्या निविदेचं बिल बहुतेकदा पुढच्या सरकारच्या टेबलावर जातं, आणि नवा मंत्री जुन्याची बिलं लगेच फेडेल असं कुठल्याही देशात समजू नये. आपल्याकडच्या कंत्राटदारांना हे समजावून सांगायची गरज नाही. गिऱ्हाईक सरकारी आहे की खासगी, हा प्रश्न निवडणूक वर्षात दुप्पट महत्त्वाचा.

सहा महिने आधी

आता गुंतवणूकदार दम धरतो. कारखाना काढायचा असेल तर जमीन, वीजजोडणी, करसवलत यांच्या फायली लागतात. निवडणूक तोंडावर आली की अधिकारी सही करायला कचरतो. उद्या दुसरं सरकार आलं तर सही कुणी केली, हे विचारलं जाईल. प्रकल्प रद्द होत नाही. तो नुसता थांबतो, आणि थांबलेल्या प्रकल्पाचं व्याज चालूच राहतं.

याच काळात डॉलरची चणचण सुरू होते, आणि आपल्या कंटेनरसाठी खरी मेख इथे आहे. ज्यांच्याकडे स्थानिक पैसा आहे ते त्याचे डॉलर करून ठेवतात, न जाणो पुढे काय होईल म्हणून. बाहेरून येणारा डॉलर आटतो. सरकारला मात्र मतदानाआधी चलन घसरलेलं नको असतं, कारण घसरलं की पेट्रोल आणि गहू महागतो. मग मध्यवर्ती बँक, म्हणजे तिथली रिझर्व्ह बँक, दर धरून ठेवते आणि डॉलर रेशनवर देते. कागदावर दर स्थिर. प्रत्यक्षात बँकेत रांग.

मोम्बासाचा व्यापारी इमानदार असू शकतो. त्यानं वेळेवर आपल्या बँकेत शिलिंग भरलेलेही असतील. तरी डॉलर नसेल तर पैसे निघणार नाहीत. ‘पार्टीनं पैसे भरले’ आणि ‘आपल्या खात्यात आले’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नवे निर्यातदार सर्वांत जास्त इथेच ठेचाळतात.

कधीकधी चणचण स्थानिक नोटांचीही होते. नायजेरियात २५ फेब्रुवारी २०२३ च्या निवडणुकीआधी २००, ५०० आणि १,००० नायराच्या नोटा बदलायचं ठरलं. जुन्या नोटा गेल्या, नव्या पुरेशा आल्या नाहीत. नोव्हेंबर २०१६ आपल्याला आठवतोच. तीच रांग, तीच बंद एटीएम. आपल्या पुण्याच्या बजाजची ‘बॉक्सर’ ही तिथली लोकप्रिय टॅक्सी-मोटरसायकल. भाड्यानं गाडी चालवणाऱ्याचं पोट रोख पैशावर. नोटच नाही म्हटल्यावर भाडं नाही, आणि भाडं नाही तर नवी गाडी कोण घेणार?

मतदानाचा आठवडा

मतदानाचा दिवस बहुधा शांत जातो. धोका मोजणीत असतो.

केनियात २७ डिसेंबर २००७ ला मतदान झालं. ३० तारखेला निकाल आला आणि त्याच संध्याकाळी अध्यक्ष किबाकींनी शपथ घेतली. विरोधकांना निकाल मान्य नव्हता. पुढच्या दोन महिन्यांत ११०० हून अधिक माणसं मेली, लाखो बेघर झाली. नैरोबीच्या किबेरा वस्तीतून जाणारे रेल्वेचे रूळ लोकांनी उखडले. कोफी अन्नान यांच्या मध्यस्थीनं २८ फेब्रुवारी २००८ ला समेट झाला. आदल्या वर्षी ७ टक्क्यांच्या आसपास वाढलेली अर्थव्यवस्था त्या वर्षी २ टक्क्यांनीही वाढली नाही.

यात शेजाऱ्याचं काय झालं, ते बघण्यासारखं आहे. युगांडाला समुद्र नाही. त्याचं पेट्रोल मोम्बासाला उतरतं आणि केनियातून जातं. रस्ता आणि रेल्वे बंद पडताच युगांडात, जिथे निवडणूकही नव्हती, पेट्रोल पंप कोरडे झाले. म्हणून आपला माल कुठल्या देशात जातो एवढंच नव्हे, तर कुठल्या देशातून जातो, तेही लिहून ठेवा. कंपाला, किगाली किंवा लुसाकाचं गिऱ्हाईक असेल तर मोम्बासा आणि टांझानियातलं दार-एस-सलाम, या बंदरांच्याही निवडणुका आपल्याच.

दार-एस-सलामची पाळी आली २९ ऑक्टोबर २०२५ ला. टांझानियात प्रमुख विरोधी नेता तुरुंगात असताना मतदान झालं, दंगल उसळली, शहरात संचारबंदी लागली. अध्यक्ष सामिया सुलुहू हसन यांना सुमारे ९८ टक्के मतं पडल्याचं जाहीर झालं. त्या काळात इंटरनेट काही दिवस बंद होतं.

इंटरनेट बंद म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप बंद, एवढंच आपल्या डोळ्यांपुढे येतं. पूर्व आफ्रिकेत भाजीवाल्यापासून घाऊक दुकानदारापर्यंत पैशाचा मोठा व्यवहार मोबाइलवरून होतो. आपल्याकडे यूपीआय येण्याच्या कितीतरी आधी, २००७ मध्ये, केनियात ‘एम-पेसा’ सुरू झालं होतं. शिवाय बंदरातून माल सोडवायचा तर कस्टमचे कागद ऑनलाइन भरावे लागतात. कंटेनर धक्क्यावर उभा, कागद अडकलेले, आणि धक्क्याचं भाडं दिवसागणिक चढतं. या भाड्याला आपल्याकडे सगळे ‘डॅमरेज’ म्हणतात. ते कुणी भरायचं, हे सौद्याच्या कागदावर आधीच लिहिलेलं नसेल तर भांडण ठरलेलं.

दोन शपथा

सर्वांत वाईट अवस्था कोणती? आपल्याला नको असलेला माणूस निवडून आला, ही नव्हे. दोन माणसं निवडून आली, ही.

आयव्हरी कोस्ट, म्हणजे कोत दिव्वार, हा जगातला सर्वांत मोठा कोको पिकवणारा देश. तिथे २८ नोव्हेंबर २०१० ला मतदानाची दुसरी फेरी झाली. निवडणूक आयोग म्हणाला, विरोधी उमेदवार वातारा जिंकले. घटना परिषद म्हणाली, सत्तेवर असलेले बाग्बो जिंकले. ४ डिसेंबरला दोघांनीही अध्यक्षपदाची शपथ घेतली. एक सरकार राजवाड्यात, दुसरं एका हॉटेलात.

आता कोकोच्या व्यापाऱ्याच्या जागी आपण बसून बघा. निर्यातकर भरायचा कुणाकडे? एकाला भरला तर दुसरा उद्या म्हणणार, मला मिळालेला नाही, पुन्हा भरा. जानेवारी २०११ मध्ये वातारांनी कोको निर्यातीवर बंदी घातली, म्हणजे बाग्बोंच्या हाती पैसा जाऊ नये. युरोपनं बंदरांशी व्यवहार थांबवले. फेब्रुवारीत परदेशी बँकांनी शाखांची शटरं ओढली. गोदामात लाखो टन कोको पडून राहिला, आणि न्यूयॉर्कच्या बाजारात कोकोचा भाव ३२ वर्षांतल्या उच्चांकाला गेला.

११ एप्रिलला बाग्बो पकडले गेले. तोवर सुमारे ३००० माणसांचे जीव गेले होते. मग अडकलेला माल सुटला आणि भाव खाली आला. या सगळ्यात एक बारीक गोष्ट दिसते : त्या वर्षी झाडांवर कोको होता. पिकाला काहीच झालेलं नव्हतं. अडली होती ती सही.

न्यायालयाची तारीख

निकालावर न्यायालयात जाणं हे त्या मानानं चांगलं लक्षण. २००७ च्या अनुभवानंतर केनियानं २०१० मध्ये नवी राज्यघटना आणली आणि तारखा बांधून दिल्या. मतदानानंतर ७ दिवसांत निकाल. निकालानंतर ७ दिवसांत याचिका. त्यानंतर १४ दिवसांत सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय. निवडणूक रद्द झाली तर ६० दिवसांत नवी.

हे नियम शोभेचे नाहीत. ८ ऑगस्ट २०१७ ची अध्यक्षीय निवडणूक सर्वोच्च न्यायालयानं १ सप्टेंबरला खरोखर रद्द केली; आफ्रिकेत असं प्रथमच घडलं. २६ ऑक्टोबरला पुन्हा मतदान झालं. लोकशाहीच्या दृष्टीनं हे अभिमानाचं. दुकानदाराच्या दृष्टीनं मात्र ऑगस्टमध्ये संपायची धाकधूक ऑक्टोबर संपेपर्यंत लांबली, आणि तोवर कुणी मोठी खरेदी केली नाही. मलावीतही मे २०१९ ची निवडणूक न्यायालयानं फेब्रुवारी २०२० मध्ये रद्द केली. निकालपत्रांवर खाडाखोडीचा पांढरा द्रव फासलेला सापडला होता. पुन्हा मतदान व्हायला जून उजाडला. म्हणजे अनिश्चितता वर्षभराहून जास्त.

आता आपल्या कंटेनरचं कॅलेंडर पुढे न्या. १० ऑगस्ट २०२७ मतदान. १७ ऑगस्टपर्यंत निकाल. २४ पर्यंत याचिका. ७ सप्टेंबरपर्यंत निर्णय. निवडणूक रद्द झालीच, तर नवं मतदान ६ नोव्हेंबरच्या आत. जुलैच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पेन्सिलीनं एक करडी पट्टी ओढा. या पट्टीत आपलं एकही बिल देय नसावं. सोपा उपाय हाच की माल फेब्रुवारी-मार्चमध्ये सोडा, म्हणजे पैसे मे-जूनपर्यंत येतील; नाहीतर पट्टी संपल्यावर पाठवा. व्यापाऱ्यालाही हे पटतं. त्यालाही मतदानाच्या आठवड्यात गोदामात माल भरून ठेवायचा नसतो.

तुरीच्या बाबतीत मात्र पट्टी टाळता येत नाही. तिचा तिकडचा हंगाम साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर, आणि बोटी आपल्याकडे दिवाळीच्या मागेपुढे लागतात. मोझांबिकनं मतदान ठेवलं ९ ऑक्टोबर २०२४ ला, मलावीनं १६ सप्टेंबर २०२५ ला, टांझानियानं २९ ऑक्टोबर २०२५ ला. पीक बाजारात यायची आणि पेट्या उघडायची वेळ एकच. मोझांबिकमध्ये निकालानंतर आंदोलन पेटलं, दक्षिण आफ्रिकेकडची मुख्य सीमाचौकी अनेकदा बंद पडली आणि १५ जानेवारी २०२५ ला नव्या अध्यक्षांची शपथ होईपर्यंत देश धुमसत होता. शेतकरी निवडणुकीची तारीख बघून तूर पेरत नाही. अशा वेळी शहाणा आयातदार एकाच देशावर विसंबत नाही. थोडी गजरी, थोडी अरुशा, थोडी बर्मावाली, अशी पोती वाटून घेतो.

शपथेनंतरचे शंभर दिवस

शपथविधी झाला की बहुतेक जण पेन्सिल खाली ठेवतात. ही सर्वांत महाग चूक. जे निर्णय मतदानाआधी कुणाला परवडत नव्हते, ते आता घेतले जातात.

नायजेरियात नवे अध्यक्ष टिनुबू यांनी २९ मे २०२३ ला शपथ घेतली आणि त्याच भाषणात पेट्रोलवरची सवलत संपल्याचं सांगितलं. काही दिवसांत पंपावरचा भाव दुपटीच्या पुढे गेला. १४ जूनला मध्यवर्ती बँकेनं नायराचा धरून ठेवलेला दर सोडला. तोवर डॉलरला साधारण ४६० नायरा पडत होते; फेब्रुवारी २०२४ मध्ये १,५०० च्या वर. १,००० डॉलरचा जो माल तिथल्या व्यापाऱ्याला ४ लाख ६० हजार नायराला पडायचा, त्याच मालाला तो आता १५ लाख मोजणार. गिऱ्हाईकाचा पगार तेवढाच. बजाजसारख्या कंपन्यांची तिथली विक्री या काळात घसरली, ती कुणाला गाडी नको होती म्हणून नव्हे.

अर्थतज्ज्ञ म्हणतील, हे कडू औषध आवश्यकच होतं. असेलही. पण नव्वद दिवसांच्या उधारीवर माल पाठवलेल्या माणसाला ते औषध भरल्या ताटावर मिळालं.

उलटही घडतं, आणि ते सांगायलाच हवं. झांबियानं २०२० मध्ये कर्जाचे हप्ते चुकवले होते. १२ ऑगस्ट २०२१ च्या निवडणुकीत विरोधी पक्षाचे हिचिलेमा मोठ्या फरकानं जिंकले, हरलेल्या अध्यक्षांनी पराभव मान्य केला, आणि जुलैत डॉलरला २२ च्या पुढे असलेला क्वाचा (तिथलं चलन) सप्टेंबरच्या सुरुवातीला १६ च्या आसपास आला. घाबरून झांबियातल्या लुसाकाची ऑर्डर नाकारलेल्याचं नुकसान झालं, ते कुठल्या वहीत दिसत नाही इतकंच.

खाणीसारखी दीर्घ मुदतीची गुंतवणूक असेल तर हिशोब वर्षांचा होतो. वेदांतनं झांबियाच्या कोंकोला तांब्याच्या खाणीत २००४ साली मोठा वाटा घेतला. २०१९ मध्ये तेव्हाच्या सरकारनं खाण अवसायकाच्या, म्हणजे कंपनी गुंडाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या, ताब्यात दिली. सरकार बदलल्यावर बोलणी झाली आणि २०२४ मध्ये ती पुन्हा वेदांतकडे आली. पाच वर्षं.

न झालेली निवडणूक

आता रेमंडकडे. इथिओपियात हवासा नावाचं गाव, राजधानी अदिस अबाबापासून दक्षिणेला पावणेतीनशे किलोमीटरवर. तिथे २०१६ मध्ये कपड्यांसाठी मोठी औद्योगिक वसाहत उघडली. रेमंड समूहाच्या ‘सिल्व्हर स्पार्क’ या कंपनीनं तिथे सूट शिवायचा कारखाना टाकला. आकर्षण होतं अमेरिकेच्या ‘अगोआ’ कायद्याचं : २००० सालच्या या कायद्यामुळे पात्र आफ्रिकी देशांतले कपडे अमेरिकेत जकातीशिवाय जात.

इथिओपियाची निवडणूक ऑगस्ट २०२० मध्ये व्हायची होती. कोविडमुळे ती पुढे ढकलली. उत्तरेतल्या तिग्राय प्रांतानं ते मानलं नाही आणि सप्टेंबरमध्ये स्वतःची निवडणूक घेतली. केंद्रानं ती बेकायदा ठरवली. वाद जुना होताच. त्याला हे निमित्त मिळालं. ४ नोव्हेंबरला युद्ध सुरू झालं. देशाची निवडणूक जून २०२१ मध्ये झाली, सत्ताधारी जिंकले, युद्ध चालूच.

हवासा युद्धभूमीपासून शेकडो किलोमीटर दूर. तिथली शिलाई यंत्रं चालू होती. पण युद्धातल्या मानवी हक्कांच्या प्रश्नावरून अमेरिकेनं इथिओपियाची ‘अगोआ’ सवलत १ जानेवारी २०२२ पासून काढली. टॉमी हिलफिगर आणि कॅल्विन क्लाइन या ब्रँडची मालक पीव्हीएच कंपनी नोव्हेंबर २०२१ मध्येच हवासातून बाहेर पडली. सवलतीच्या हिशोबावर उभ्या राहिलेल्या प्रत्येक कारखान्याला आपलं गणित नव्यानं मांडावं लागलं. आपण जेव्हा ‘तिथे निवडणूक कधी आहे’ एवढंच बघतो, तेव्हा पुढे ढकललेली निवडणूक आपल्या कॅलेंडरवर कुठेच येत नाही.

निवडणूक तिथलीच हवी असंही नाही. भारतानं जुलै २०२३ मध्ये, लोकसभेच्या निवडणुकीला वर्षही उरलेलं नसताना, बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. बेनिन-सेनेगलच्या ताटावर परिणाम झाला. तिथल्या एखाद्या मासिकात कुणी ‘भारतात निवडणूक लागली की आपल्या भाताचं काय होतं’ असा लेख लिहिला असेल तर मला तो वाचायला आवडेल.

पाकीट सांभाळायचं कसं

पहिला उपाय पैशाच्या अटींचा. करड्या पट्टीच्या आसपास माल जाणारच असेल तर निम्मी रक्कम आगाऊ मागा. उरलेल्या रकमेसाठी एलसी घ्या. एलसी म्हणजे पतपत्र : ठरलेले कागद बरोबर असतील तर पैसे मी देईन, अशी खरेदीदाराच्या बँकेनं दिलेली हमी. मात्र ती बँक केनियाचीच असेल तर डॉलरच्या रांगेत तीही उभी राहणार. म्हणून ‘कन्फर्म्ड’ एलसी मागायची. त्यात दुसऱ्या देशातली एखादी भक्कम बँकही हमी देते. त्याला जादा पैसे पडतात. ते किमतीत धरा, नंतर कुरकुर नको.

दुसरा उपाय ईसीजीसी. १९५७ साली स्थापन झालेली ही सरकारी कंपनी मुंबईतच आहे. खरेदीदार बुडाला, किंवा त्या देशानं डॉलर अडवले, आयात बंद केली, युद्ध झालं, तर ठरलेल्या टक्क्यांपर्यंत भरपाई देते. जगातल्या देशांचे तिनं जोखमीनुसार ए१ पासून डीपर्यंत सात गट केले आहेत. विमा माल सुटण्याआधी घ्यायचा. बातमी टीव्हीवर दिसल्यावर अर्ज करणं म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणणं. आणि पैसे थकले तर ते मुदतीत कळवायचे; ‘जुना माणूस आहे, देईल’ म्हणत मुदत उलटू दिली की दावा अडतो.

तिसरा, सागरी विमा. नेहमीच्या विम्यात दंगल आणि संपाचं संरक्षण असेलच असं नाही. ते कलम वेगळं जोडून घ्यावं लागतं, आणि माल बंदरात उतरल्यावर किती दिवस लागू राहतं, तेही एजंटाला विचारून घ्या.

रिझर्व्ह बँकेचाही एक नियम लक्षात असू द्या. निर्यातीचे पैसे ठरावीक मुदतीत देशात यावे लागतात. ही मुदत ९ महिन्यांची होती, नोव्हेंबर २०२५ मध्ये ती १५ महिने झाली. निवडणुकीत पैसे अडकलेल्याला यानं श्वास घ्यायला जागा मिळते. आपल्या बँकेचा हप्ता मात्र पंधरा महिने थांबत नाही.

आता कॅलेंडरवर शेवटची खूण. केनियाचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि त्याआधी, जूनमध्ये, कर वाढवणारं वित्त विधेयक मंजुरीला येतं. २०२२ ची निवडणूक शांततेत पार पडली होती, न्यायालयानं निकालही कायम केला होता, आणि धंदेवाले निर्धास्त झाले होते. जून २०२४ मध्ये नव्या करांविरुद्ध तरुण रस्त्यावर उतरले, २५ तारखेला संसदेत घुसले, आणि दुसऱ्याच दिवशी अध्यक्षांनी विधेयक मागे घेतलं. २०२७ मध्ये जो कुणी निवडून येईल त्याचं पहिलं पूर्ण वित्त विधेयक जून २०२८ मध्ये मंजुरीला येईल. नव्या वर्षाचं कॅलेंडर भिंतीवर लागलं की त्या महिन्याचं पान आधी उलटा आणि तिथेही पेन्सिल फिरवा.